पहाटेचा सायरन आणि तिसरा रिमोट : एका गाडीच्या अलार्मचं प्रकरण

गाडी जुनी विकत घेतलेली होती. अलार्म मूळ कंपनीचा नव्हता, आधीच्या कुणीतरी बाहेरून बसवून घेतलेला. माहितीपुस्तिका हरवलेली. हातात दोन रिमोट आणि त्यांतला एकच चालणारा. मालकांचं मागणं सरळ होतं : बंद पडलेला रिमोट पुन्हा प्रोग्राम करून द्या. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मध्यंतरी काही आठवडे पहाटे सायरन आपोआप वाजायचा, शेजारी वैतागले होते. एका मेकॅनिकने डॅशबोर्डखाली हात घालून "काहीतरी ॲडजस्ट" केलं, तरी वाजत राहिला. मग त्याने आणखी काहीतरी केलं आणि सायरन गप्प झाला.

ते दुसरं "काहीतरी" काय होतं, हे रिमोटच्या आधी पाहायला हवं होतं. आपोआप वाजणारा अलार्म कारण न सापडता गप्प झाला असेल, तर बहुतेक वेळा तो दुरुस्त झालेला नसतो, बंद केलेला असतो.

दिवा सलग पेटलेला

चालणाऱ्या रिमोटचं बटण दाबलं. चारही दारं खटकन लागली. पण डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा लुकलुकायच्या ऐवजी सलग पेटून राहिला. अलार्म लागलेला असताना हा दिवा संथ लयीत उघडझाप करतो. सलग पेटलेला दिवा म्हणजे यंत्रणा व्हॅले मोडमध्ये आहे.

गाडी गॅरेजला द्यायची असते, धुवायला द्यायची असते, पार्किंगवाल्याच्या ताब्यात द्यायची असते, तेव्हा अलार्म तात्पुरता झोपवण्यासाठी ही सोय असते. अशा वेळी रिमोटने दारं लागतात, उघडतात, पण सेन्सर आणि सायरन दोन्ही निजलेले राहतात. मालक म्हणाले, "पण रिमोट दाबला की दारं लागतात की!" लागतात, आणि घोटाळा तिथेच होतो. सेंट्रल लॉकिंग आणि पहारा ही दोन वेगळी कामं एकाच बटणावर असल्यामुळे पहिलं झालं की दुसरंही झालं असं वाटतं. ही गाडी कित्येक दिवस नुसत्या कुलपावर उभी होती आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. मूळ तक्रारीपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटलं.

व्हॅले बटण शोधावं लागलं. बसवणारे ते मुद्दाम आडबाजूला लपवतात. इथे ते स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकच्या आतल्या कडेला होतं. इग्निशन चालू करून बंद केलं, बटण दाबून धरलं, दिवा विझला. अलार्म जागा झाला. बटणाची जागा मालकांना त्यांच्याच हाताने चाचपायला लावली, कारण रिमोट हरवला किंवा त्यातला सेल संपला की हेच बटण गाडी सोडवतं : चावीने दार उघडायचं, सायरन वाजू द्यायचा, इग्निशन चालू करायचं, बटण दाबायचं. बटण कुठे आहे हे अंधारात, सायरन कानाशी वाजत असताना शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

पुरावा रोज पुसला जात होता

आता पहाटेचं कोडं. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्मना आठवण असते. सायरन वाजून गेल्यावर मालक येऊन अलार्म काढतो, म्हणजे रिमोटने बंद करतो, तेव्हा यंत्रणा दोन गोष्टी कळवते. एक, नेहमीपेक्षा जास्त वेळा चिवचिवून आणि इंडिकेटर जास्त वेळा उडवून सांगते की तुमच्या माघारी काहीतरी झालं. दोन, लाल दिवा ठरावीक संख्येच्या गटांनी लुकलुकतो. ती संख्या म्हणजे कुठला सेन्सर चाळवला त्याचा क्रमांक. पण ही नोंद इग्निशन चालू केलं की पुसली जाते.

इथे काय होत होतं ते पाहा. सायरन वाजला की मालक धावत खाली येत, रिमोट दाबत, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाडी सुरू करून थोडी लांब नेऊन लावत. यंत्रणा प्रत्येक वेळी उत्तर देत होती आणि प्रत्येक वेळी ते चावी फिरवताक्षणी नाहीसं होत होतं. त्यात भर म्हणून चिवचिवाट आधीच्या मालकाने सेटिंगमधून बंद करून ठेवलेला. इंडिकेटर किती वेळा उडाले हे झोपेतून उठलेला माणूस मोजत नाही.

क्रमांकांचा तक्ता पुस्तिकेत असतो आणि पुस्तिका नव्हती. म्हणून तक्ता तयार केला. ही पद्धत अशी आठवण असलेल्या कुठल्याही अनोळखी अलार्मला चालते, म्हणून जरा तपशिलात सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली घ्यायची, सगळी दारं लावायची, बाहेरून अलार्म लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, कारण सेन्सर लगेच जागे होत नाहीत. आतला दिवा हळूहळू मंदावत विझणाऱ्या गाड्यांमध्ये तर दाराची तार तोवर "दार उघडं" असंच सांगत असते. मग काचेतून हात घालून आतून दार उघडायचं. सायरन वाजला की रिमोटने काढायचा, दिव्याची लुकलुक मोजायची, कागदावर लिहायची, इग्निशन एकदा चालू-बंद करून नोंद पुसायची. पुढच्या फेरीला काचेतूनच खटका ओढून बोनेट उचलायचं, मग डिकी, मग इग्निशन, मग गाडीवर थाप.

दाराला एक लुकलुक आली, बोनेटला दोन, डिकीला तीन, इग्निशनला चार. थाप मारली, काहीच झालं नाही. जोरात मारली, तरी नाही.

म्हणजे मेकॅनिकचं पहिलं "ॲडजस्ट" हे होतं. धक्क्याच्या सेन्सरवर एक छोटा फिरता स्क्रू असतो. तो त्याने अगदी तळाला नेऊन ठेवला होता. अंदाज असा की मांजर उडी मारत असेल, जड वाहन जवळून जात असेल. अंदाज वाईट नाही, अशा तक्रारी खरोखर असतात. पण तो तपासला गेला नाही. स्क्रू खाली नेल्यावरही सायरन वाजत राहिला, म्हणजे दोष सेन्सरचा नव्हता हे तिथेच कळायला हवं होतं आणि स्क्रू परत जागेवर यायला हवा होता. त्याऐवजी सगळा अलार्मच झोपवला गेला.

मालकांना सांगितलं की पुढच्या वेळी वाजला तर फक्त रिमोटने काढा, चावीला हात लावू नका, लाल दिवा मोजा. लवकरच पहाटे फोन आला. दोन लुकलुका. बोनेट.

बोनेटखालचं बटण

बोनेटच्या कडेला स्प्रिंगचं एक पिन-बटण असतं. बोनेट बंद असताना ते दाबलेलं असतं आणि संपर्क तुटलेला असतो. बोनेट उचललं की बटण वर येतं, त्याची तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली जाते आणि अलार्मच्या डबीला, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या पेटीला, कळतं. साधी रचना आहे, पण जागा वाईट : खालून चिखल, वरून पाणी, शेजारी इंजिनाची धग.

दुपारी तपासलं तर सगळं ठीक. डबीकडची तार सोडवली, बटण दाबून धरलं, तार आणि पत्रा यांच्यातला रोध मीटरवर पाहिला : संपर्क पूर्ण तुटलेला, जसा हवा तसा. इथे समाधान मानलं असतं तर प्रकरण तिथेच अडकलं असतं, कारण दोष दुपारचा नव्हताच. पहाटे पत्रा थंड होतो, त्यावर दव धरतं. म्हणून बटणावर पाण्याचा बारीक फवारा मारला. मीटर काही किलोओहमवर आला आणि हळूहळू आणखी खाली घसरत गेला.

बटणाची नळी आतून गंजलेली होती आणि गंजलेल्या पृष्ठभागावर ओलावा धरून राहतो. अलार्मच्या डबीला अशा तारेवरून फार थोडा प्रवाह लागतो, काही किलोओहमची ओली गळतीसुद्धा तिला "बोनेट उघडलं" असं वाटायला पुरते. दुसरं कारण त्याला येऊन मिळालं होतं. बोनेट जिथे टेकतं ते रबरी ठोकळे झिजून एका बाजूला सरकले होते, त्यामुळे पिन जेमतेम दाबली जात होती आणि संपर्काच्या दोन टोकांतलं अंतर अगदी कमी उरलं होतं. कोरड्या हवेत तेवढं अंतर पुरायचं. ओल्या हवेत नाही.

नवं बटण बसवलं, मूळ जागेपासून जरा वर, जिथे पाणी साचत नाही. बसवण्याआधी भोवतीचा पत्रा घासून स्वच्छ केला. रबरी ठोकळे बदलले. पुन्हा फवारा मारला, मीटर हलला नाही.

दोष सापडल्यावरही बॅटरी तपासली, कारण उतरलेली बॅटरीही असा प्रकार करू शकते. रात्रभर उभ्या गाडीत ती 12.6 व्होल्ट होती, आणि सगळं बंद असताना गाडी एकूण ओढत असलेला प्रवाह 50 मिलिअँपिअरच्या बराच आत. तिकडे दोष नव्हता.

मग धक्क्याचा सेन्सर. हे सेन्सर दोन पायऱ्यांचे असतात : हलक्या धक्क्याला दोन-चार इशारे, जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन. स्क्रू पाव-पाव फेरी वाढवायचा, दरवेळी अलार्म लावून थांबायचं, आणि तळहाताच्या टाचेने दाराच्या खांबावर मारायचं, काचेवर नाही. काचेवर मारून बेतलेला सेन्सर वाऱ्यानेही वाजू लागतो, आणि चाचणीत काच फुटली तर भलतंच. काच फुटेल एवढ्या जोराला पूर्ण सायरन आणि शेजारून गेलेल्या ट्रकला काहीच नाही, ही मधली जागा सापडेपर्यंत वेळ लागतो. तो द्यावा. घाईत बसवलेला सेन्सर पुढे कुणीतरी बंदच करून टाकतं, हे या गाडीने दाखवलंच.

"मेलेला" रिमोट

आता मूळ तक्रार. दुसऱ्या रिमोटचा दिवा मिणमिणत होता, गाडी दाद देत नव्हती. मालकांची समजूत अशी की मध्ये सेल काढून ठेवला होता, म्हणून "प्रोग्रामिंग उडालं". ही समजूत फार पसरलेली आहे. या रिमोटच्या बाबतीत ती चूक आहे, आणि का ते आत पाहिल्यावर कळतं.

रिमोट उघडला. आत एचसीएस301 ही चिप. अशा रिमोटमध्ये किलॉक नावाची बदलत्या कोडची पद्धत असते. 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत ती तयार झाली आणि 1995 मध्ये मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. बटण दाबलं की चिप 66 बिटांचा संदेश सोडते. त्यात 28 बिटांचा अनुक्रमांक उघडा असतो आणि 32 बिटांचा भाग कूटबद्ध. त्या कूटबद्ध भागात 16 बिटांचा एक मोजणी-आकडा असतो, जो प्रत्येक दाबाला एकाने वाढतो. गाडीतली डबी शेवटचा आकडा लक्षात ठेवते आणि त्याहून जुना आला तर नाकारते. पावतीपुस्तकातला वापरलेला क्रमांक पुन्हा चालत नाही, तसं. म्हणून कुणी हवेतून संदेश टिपून तो नंतर तसाच वाजवला तर गाडी उघडत नाही.

हा आकडा सेल काढला तरी टिकणाऱ्या स्मृतीत असतो. त्यामुळे सेल काढल्याने काही उडत नाही.

मग रिमोट का चालेना? सेलच्या घरात 27ए जातीचा सेल होता. घर 23ए जातीचं. दोन्ही 12 व्होल्टचेच आणि लांबीही जवळपास सारखी, पण 27ए अंगाने बारीक. पत्र्याच्या पट्टीला तो नीट टेकत नव्हता. शिवाय तो जुना. नुसता मोजला तर व्होल्टेज बरं दिसायचं, बटण दाबल्यावर कोसळायचं. दिवा लागायला पुरेल एवढी शक्ती, लहरी पाठवायला नाही. रिमोटचा दिवा लागतो म्हणजे रिमोट चालतो, हा निष्कर्ष इथे कामाचा नाही.

योग्य सेल घातला. पहिल्या दाबाला गाडी गप्प. दुसऱ्या दाबाला दारं उघडली. प्रोग्रामिंग काहीही न करता.

पहिला दाब वाया का गेला याचंही कारण त्याच आकड्यात आहे. गाडीपासून दूर बटण दाबलं गेलं की रिमोटचा आकडा पुढे जातो, गाडीचा जागेवरच राहतो. नेहमीच्या रचनेत 16 पर्यंतचा फरक डबी एका दाबात मान्य करते. त्याहून जास्त, पण सुमारे 32 हजारांच्या आत फरक असेल, तर ती लागोपाठ दोन क्रमांक मागते आणि ते सलग आले की जुळवून घेते. हा रिमोट घरातल्या लहान मुलाच्या हातात खेळणं म्हणून होता, असं नंतर कळलं. म्हणून बंद वाटणाऱ्या रिमोटला आधी ठीक सेल घालून, गाडीजवळ उभं राहून, लागोपाठ दोन-तीनदा दाबून पाहावं. प्रोग्रामिंगचा विचार त्यानंतर.

प्रोग्रामिंग मग केलंच का?

दोन्ही रिमोट चालू झाले होते. मालक म्हणाले, झालं तर मग. पण गाडी जुनी घेतलेली होती आणि माझ्या मनात एक प्रश्न उरला होता : या डबीला किती रिमोट माहीत आहेत?

या यंत्रणेत रिमोट जोडण्याच्या अवस्थेत शिरलं की लाल दिवा आधी नोंदलेल्या रिमोटांची संख्या दाखवतो. इग्निशन चालू केलं, व्हॅले बटण दाबून धरलं. दिवा तीनदा लुकलुकला.

घरात दोन रिमोट. तिसरा कुठे आहे, कुणाकडे आहे, कुणालाही ठाऊक नाही. कदाचित आधीच्या मालकाच्या कपाटात पडून असेल. पण ज्याच्या हाती तो असेल त्याच्यासाठी ही गाडी एका बटणाने निःशब्द उघडणारी होती. चिवचिवाट बंद असल्यामुळे तर अगदीच निःशब्द.

रिमोट जोडणं ही सोयीची गोष्ट म्हणून पाहिली जाते, मला ती मालकी ठरवणारी गोष्ट वाटते. वापरलेली गाडी घेतल्यावर कागदपत्रं नावावर करतात, तितक्याच अगत्याने अलार्मच्या आठवणीतून जुनी नावं खोडली पाहिजेत.

सगळे रिमोट पुसले. पुसण्याचा मार्ग यंत्रणेगणिक वेगळा असतो. काहींत बटण जास्त वेळ धरायचं असतं. काहींत पुसण्याची सोयच नसते, पण जागा मोजक्याच, बहुधा चार असतात आणि नवा रिमोट सर्वांत जुन्याला बाहेर ढकलतो. इथे बटण धरून ठेवल्यावर एक लांब इशारा आला. मग दोन्ही रिमोट त्याच बैठकीत जोडले. प्रत्येकाचं लॉकचं बटण दोनदा दाबायचं : पहिल्या दाबातून डबी अनुक्रमांक आणि आकडा उचलते, दुसऱ्यातून आकडा खरोखर पुढे सरकतो का याची खात्री करते. एकदाच दाबून "जोडला नाही" म्हणणारे बरेच असतात. दोन दाबांमध्ये फार वेळ गेला तर डबी त्या अवस्थेतून बाहेर पडते, म्हणून सगळे रिमोट हाताशी, सेल घालून तयार ठेवावेत. पुन्हा त्याच अवस्थेत शिरून मोजलं : दोन.

मालकांनी विचारलं की जास्तीचा तिसरा रिमोट बाजारातून आणला तर चालेल का. तीच चिप असली तरी चालेलच असं नाही. प्रत्येक रिमोटची 64 बिटांची चावी अलार्म बनवणाऱ्या कंपनीच्या गुप्त आकड्यावरून काढलेली असते. दुसऱ्या कंपनीचा रिमोट दिसायला जुळा असला तरी डबीला तो परकाच.

आणि ही पद्धत अभेद्य आहे असंही मी त्यांना सांगितलं नाही. 2008 मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप किती वीज ओढते यावरून किलॉकच्या चाव्या बाहेर काढता येतात हे दाखवलं. 2015 मध्ये सॅमी कामकारने रोलजॅम नावाचं छोटं उपकरण दाखवलं. ते रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोचू देत नाही, टिपून ठेवतं. माणूस पुन्हा दाबतो, तेव्हा दुसरा संदेशही टिपतं आणि गाडीला पहिला देतं. दुसरा, न वापरलेला क्रमांक खिशात राहतो. पुढे मालकाच्या रिमोटचा नवा संदेश गाडीपर्यंत पोचला की तो निकामी होतो, पण तोवर चालतो.

रोजच्या वापरात याहून साधा धोका असतो. कुणी जवळपास त्याच लहरींवर, अनेक देशांत 433.92 मेगाहर्ट्झवर, गोंगाट पाठवला की तुमचा लॉकचा संदेश गाडीला ऐकूच जात नाही. तुम्ही पाठ फिरवून निघून जाता, गाडी उघडी. यावर उपाय एकच : गाडीने दिलेली पोच पाहणं. म्हणूनच आधीच्या मालकाने बंद केलेला चिवचिवाट मी पुन्हा चालू करायचा आग्रह धरला. मालकांना रात्रीच्या आवाजाची काळजी होती. या यंत्रणेत आवाज बारीक करायची सोय होती, तिथे तडजोड झाली. लावताना एक इशारा, काढताना दोन, दार उघडं राहिलं असेल तर लावताना तीन, माघारी काही झालं असेल तर काढताना चार. हे चार आकडे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले.

एक सेटिंग मात्र बंद केलं. शेवटचं दार लागल्यावर काही सेकंदांनी अलार्म आपोआप लागणं आणि दारंही आपोआप लागणं, ही दोन्ही जोडून ठेवलेली होती. घरात लहान मूल आहे, चावी आत राहण्याची शक्यता आहे. अलार्म आपोआप लागू दे, दारं माणसाने लावावीत, असं ठरलं.

त्यानंतर पहाटेचा सायरन बंद झाला. पुढे एकदा संध्याकाळी वाजला. मालकांनी रिमोटने काढला, चावीला हात न लावता दिवा मोजला, तीन आल्या, आणि डिकी नीट लागलेली नाही हे त्यांनी स्वतःच पाहिलं. मला त्यांनी हे नंतर कळवलं, तेव्हा डिकी लावून गाडी परत जागेवर उभी होती.